किमान वेतन आणि मालकाचे उत्तरदायित्व

१९८२ साली दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धांची तयारी चालू होती. क्रीडागारे, उड्डाणपूल आणि निवाससंकुले यांच्या बांधकामावर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा राज्यांतून आणलेले हजारो मजूर राबत होते. कंत्राटदार प्रत्येक मजुरामागे दररोज ९ रुपये २५ पैसे, म्हणजे त्या वेळचे विहित किमान वेतन, मोजत असत. परंतु ही रक्कम मजुराच्या हाती न पडता त्याला गावाकडून घेऊन येणाऱ्या जमादाराकडे जात असे. जमादार दलालीचा एक रुपया कापून घेई आणि मजुराला ८ रुपये २५ पैसे देई. कागदोपत्री पाहिले तर वेतन पूर्ण दिले गेले होते.

या परिस्थितीकडे लक्ष वेधणारे पत्र ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संस्थेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली अशी, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये निषिद्ध ठरविलेले सक्तीचे काम होय. एखाद्याने कमी मजुरीवर काम करण्यास होकार दिला, एवढ्यावरून ते स्वेच्छेचे काम ठरत नाही, कारण तो होकार भुकेपोटी दिलेला असतो. दुसरी गोष्ट अशी, की मजुरी थेट मजुराच्या हाती आणि कोणतीही दलाली न कापता पडली पाहिजे. पहिल्या सूत्राचा उल्लेख घटनेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. दुसरे मात्र बहुधा दुर्लक्षिले जाते, आणि मालकाच्या कायदेशीर कर्तव्याचा खरा आशय त्यातच आहे. रक्कम तिजोरीतून बाहेर पडली म्हणजे हे कर्तव्य पूर्ण होत नाही. ती पूर्णांशाने कामगारापर्यंत पोचली पाहिजे आणि ती पोचल्याचे दाखविता आले पाहिजे.

अनुसूचीपासून सार्वत्रिकतेपर्यंत

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२८ साली किमान वेतन निश्चितीच्या यंत्रणेविषयीचा करार (क्रमांक २६) संमत केला. भारतात या दिशेने प्रत्यक्ष पाऊल पडले ते ११ एप्रिल १९४६ रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना या दिवशी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडण्यात आले. सत्तांतराच्या घडामोडींमुळे ते लांबणीवर पडले आणि १९४८ मध्ये किमान वेतन अधिनियम अस्तित्वात आला. १५ मार्च १९४८ पासून तो अमलात आला. आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९५५ मध्ये अनुसमर्थन दिले.

या कायद्याची रचना त्या काळाला साजेशी होती. सर्वच व्यवसायांत वेतन ठरविणे प्रशासनाला पेलणारे नव्हते. म्हणून जेथे कामगार असंघटित आहेत आणि पिळवणुकीची शक्यता अधिक आहे, असे व्यवसाय निवडून त्यांची अनुसूची जोडण्यात आली. गालिचे व शाली विणणे, भात-पीठ-डाळ गिरण्या, विडी व तंबाखू, मळे, तेलगिरण्या, स्थानिक संस्था, रस्ते व इमारत बांधकाम, खडी फोडणे, लाख, अभ्रक, सार्वजनिक मोटार वाहतूक आणि चामड्याचा व्यवसाय असे बारा उद्योग पहिल्या भागात होते. दुसऱ्या भागात एकटी शेती होती. अनुसूचीत भर घालण्याचा अधिकार केंद्राला आणि राज्यांना होता आणि तो त्यांनी मुक्तपणे वापरला. मात्र जो व्यवसाय अनुसूचीत नाही, त्यातील कामगाराला या कायद्याचे संरक्षण नव्हते. त्यामुळे एका राज्यात संरक्षण असलेला कामगार शेजारच्या राज्यात तेच काम करताना उघडा पडत असे. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने या स्थितीची चर्चा करताना देशातील दर तीन मजुरीवरील कामगारांपैकी एक किमान वेतन कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिल्याचे नमूद केले होते.

वेतन संहिता, २०१९ ने ही चौकट बदलली. वेतन प्रदान अधिनियम १९३६, किमान वेतन अधिनियम १९४८, बोनस प्रदान अधिनियम १९६५ आणि समान पारिश्रमिक अधिनियम १९७६ या चार कायद्यांची जागा या एका संहितेने घेतली. तिला ८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. इतर तीन श्रम संहितांसह ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणण्यात आली. अनुसूची ही संकल्पनाच तिने काढून टाकली आहे. कलम ५ चा आशय मोजक्या शब्दांत सांगता येतो: समुचित शासनाने अधिसूचित केलेल्या किमान दरापेक्षा कमी वेतन कोणताही मालक कोणत्याही कर्मचाऱ्याला देणार नाही. यातील ‘कोणताही’ हा शब्द दोन्ही ठिकाणी महत्त्वाचा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील उमेदवारांना मात्र ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळलेले आहे. जुन्या कायद्याखालील दर व नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर पुढे चालू राहतील अशीही तरतूद असल्याने कामगाराच्या संरक्षणात खंड पडत नाही.

आकडा कसा ठरतो?

१९४८ च्याच सुमारास नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन असे तीन स्तर कल्पिले. अनुच्छेद ४३ मध्ये राज्यसंस्थेपुढे ठेवलेले उद्दिष्ट निर्वाह वेतनाचे, म्हणजे सभ्य जीवनमान शक्य करणाऱ्या वेतनाचे आहे. किमान वेतन ही त्याखालची, पण केवळ जिवंत ठेवण्यापेक्षा वरची पायरी होय. कामगाराची कार्यक्षमता टिकावी यासाठी शिक्षण, औषधोपचार व अन्य सोयींना त्यात काही वाव असावा, असे समितीचे म्हणणे होते.

ही पायरी रुपयांत कशी मोजायची, याचे उत्तर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. त्या परिषदेचे निकष परीक्षार्थींनी पाठ करण्यापेक्षा समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल. एका मिळवत्या कामगाराच्या कुटुंबाचे तीन उपभोग घटक धरावेत: कामगार स्वतः एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक घटकाला डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार दररोज २,७०० उष्मांकांचा आहार मिळावा. कापड माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांचे मिळून ७२ वार (सुमारे ६६ मीटर) असावे. घरभाडे शासनाच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान जागेच्या भाड्याइतके धरावे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के रक्कम ठेवावी. या हिशेबात पत्नीच्या कमाईची रक्कम धरायची नाही, असेही ठरले होते. तिच्या श्रमांना मात्र पुरुषापेक्षा कमी अन्न लागते असे त्यात गृहीत धरले होते, हे आजच्या वाचकाला खटकल्याखेरीज राहणार नाही.

या यादीत मुलांच्या शाळेचा, आजारपणाचा, सणावाराचा खर्च कोठेच नव्हता. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात भरून काढली. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभांसह किमान करमणूक, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी एकूण किमान वेतनाच्या २५ टक्के इतकी तरतूद धरली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये ही पद्धत नव्याने तपासली. कुटुंबाचे उपभोग घटक ३.६ आणि आहार २,४०० उष्मांकांचा, पण त्याबरोबर ५० ग्रॅम प्रथिने व ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, असा बदल तिने सुचविला. जुलै २०१८ च्या किमतींनुसार देशासाठी दररोज ३७५ रुपये, किंवा देशाचे पाच विभाग पाडल्यास ३४२ ते ४४७ रुपये, असे आकडे तिने काढले. त्या वेळी प्रचलित असलेले राष्ट्रीय तळवेतन मात्र १७६ रुपये होते.

या तळवेतनाचा इतिहास थोडक्यात असा. ग्रामीण श्रमिकांवरील राष्ट्रीय आयोगाच्या १९९१ च्या शिफारशींच्या आधारे केंद्र सरकारने १९९६ मध्ये दररोज ३५ रुपये असे राष्ट्रीय किमान तळवेतन जाहीर केले. टप्प्याटप्प्याने वाढत ते २००९ मध्ये १०० रुपये, २०१५ मध्ये १६० रुपये आणि १ जून २०१७ पासून १७६ रुपये झाले. त्याला कायद्याचे पाठबळ नव्हते. राज्यांना केलेली ती एक विनंती होती आणि काही राज्यांतील काही दर त्याखाली राहिले तरी त्यावर उपाय नव्हता. वेतन संहितेच्या कलम ९ ने तळवेतनाला प्रथमच वैधानिक अधिष्ठान दिले आहे. केंद्र शासन कामगाराचे किमान जीवनमान विचारात घेऊन ते ठरविते. भौगोलिक क्षेत्रांनुसार ते वेगळे असू शकते. कोणत्याही राज्याचा किमान दर त्याखाली असू शकत नाही आणि ज्या राज्याचा दर आधीच वर आहे त्याला तो खाली आणता येत नाही. तळवेतन आणि किमान वेतन यांत उमेदवारांची गल्लत होते ती येथेच. तळवेतन हे शासनांवरील बंधन आहे, किमान वेतन हे मालकावरील.

मालकाच्या ऐपतीचा प्रश्न

एवढे वेतन देणे परवडत नाही, हे कारण कायद्यापुढे चालत नाही. बिजय कॉटन मिल्स विरुद्ध अजमेर राज्य या १९५५ च्या प्रकरणात गिरणीमालकाने व्यवसाय स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा आधार घेतला होता. किमान वेतन ठरविणे हे जनहितासाठी घातलेले वाजवी निर्बंध आहेत, असे म्हणून न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. क्राउन ॲल्युमिनियम वर्क्स प्रकरणात १९५८ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. कामगारांना किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्कच नाही, असे तत्त्व त्यात मांडण्यात आले. उनिचोई विरुद्ध केरळ राज्य या १९६१ च्या निर्णयाने मालकाची देण्याची ऐपत किमान वेतन ठरविताना गैरलागू असल्याचे पक्के केले. न्याय्य वेतनाच्या वाटाघाटींत मात्र ती विचारात घेतली जाते.

या नियमातून शासनही सुटलेले नाही. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळणारा राज्य अधिनियम होता. मदनगंज-हरमाडा रस्त्याच्या कामावर मजुरांच्या गटाने केलेल्या कामाचे मोजमाप करून मजुरी वाटली जाई आणि ती अनेकांना दिवसाच्या सात रुपयांच्या किमान वेतनापेक्षा कमी पडे. संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या १९८३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती सूट अनुच्छेद २३ शी विसंगत ठरविली. दुष्काळात काम दिले हाच उपकार, अशी भूमिका राज्याला घेता आली नाही.

मालकाने काय करावयाचे?

मालकाचे पहिले काम म्हणजे आपल्याला कोणाचा दर लागू होतो हे ओळखणे. रेल्वे, खाणी, तेलक्षेत्रे, मोठी बंदरे, हवाई वाहतूक, दूरसंचार, बँका, विमा आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी केंद्र शासन हे समुचित शासन आहे. उर्वरित आस्थापनांसाठी राज्य शासन. त्यांच्या कामावरील कंत्राटदारही त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे नागपुरातील एका रस्त्यावर बँकेच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगाराला केंद्राचा दर मिळतो, तर शेजारच्या गृहनिर्माण संस्थेत तेच काम करणाऱ्याला महाराष्ट्र शासनाचा. कंत्राटदार दोन्हीकडे एकच असला तरी त्याला दोन दर पाळावे लागतात.

यानंतर कौशल्याची श्रेणी (अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल) आणि भौगोलिक क्षेत्र पाहावे लागते. उष्णता, दमटपणा किंवा धोका यांमुळे कामाचा कठीणपणा वाढत असेल तर शासन तोही विचारात घेऊ शकते. मूळ दराचा पुनर्विचार पाच वर्षांच्या आत व्हावयास हवा. दरम्यान महागाईची भरपाई ग्राहक मूल्य निर्देशांकाशी जोडलेल्या महागाई भत्त्यातून होते आणि केंद्राच्या कक्षेत तो दरवर्षी १ एप्रिल व १ ऑक्टोबरपासून बदलतो. उदाहरणार्थ, १ ऑक्टोबर २०२४ पासून बांधकाम, झाडलोट, मालाची चढउतार यांतील अकुशल कामगारासाठी ‘अ’ क्षेत्रात केंद्राचा दर दररोज ७८३ रुपये होता. महिन्याची रक्कम २०,३५८ रुपये होते, कारण ती २६ दिवसांनी गुणलेली असते. साप्ताहिक सुट्टीचा मोबदला दिवसाच्या दरात अंतर्भूत धरण्याची ही रीत आहे. दैनिक दराला ३० ने गुणणारा किंवा मासिक रकमेला ३० ने भागणारा लिपिक येथेच चुकतो आणि दुसऱ्या प्रकारची चूक नेहमी कामगारालाच भोवते.

वेतन म्हणजे काय, याची व्याख्या संहितेने एकसारखी केली आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि (असल्यास) प्रतिधारण भत्ता हे वेतन. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, जादा कामाचा मोबदला इत्यादी बाबी वेतनाबाहेरच्या. परंतु या वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा, एखाद्याला दरमहा २०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी मूळ वेतन व महागाई भत्ता ८,००० रुपये, घरभाडे भत्ता ७,००० रुपये आणि प्रवास भत्ता ५,००० रुपये आहे. वगळलेल्या बाबी १२,००० रुपये, म्हणजे निम्म्यापेक्षा २,००० रुपये अधिक झाल्या. म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याचे वेतन ८,००० नसून १०,००० रुपये आहे. भत्त्यांची संख्या वाढवून मूळ वेतन आटवायचे आणि निधी व उपदानाचा बोजा हलका करायचा, या सर्रास चालणाऱ्या प्रथेला आळा घालण्यासाठी ही तरतूद आहे. किमान दराशी तुलना करतानाही करारपत्रावरील एकूण आकडा न पाहता या व्याख्येत बसणारे वेतन पाहावे लागते.

कामाच्या तासांबाबतचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. कामाच्या सामान्य दिवसापेक्षा जास्त काम घेतल्यास त्या वेळेसाठी किमान दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. याची दुसरी बाजू फारशी ठाऊक नसते. कामगार हजर झाला, पण सिमेंट आले नाही, वीज गेली किंवा माल संपला म्हणून त्याला दुपारीच घरी पाठविले, तर तो पूर्ण दिवसाच्या वेतनाचा हक्कदार असतो. काम करण्यास तो स्वतः तयार नसेल तरच हा हक्क जातो. मजूर अड्ड्यावरून आणलेल्या माणसाला ‘अर्धा खाडा’ लावून निम्मी मजुरी हातावर ठेवणे, ही रूढी कितीही जुनी असली तरी तिला कायद्यात आधार नाही.

नगावर चालणाऱ्या कामांत अडचण अधिक बारीक असते. सोलापूर, पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद, तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे लाखो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. दर अधिसूचित असतो आणि तो दिलाही जातो. प्रश्न मोजणीचा असतो. पाने अपुरी किंवा फाटकी दिली, तर ठरलेला आकडा पुरा करण्यासाठी कामगाराला पदरमोड करून पाने विकत घ्यावी लागतात. वळून आणलेल्या विड्यांपैकी काही वाईट म्हणून बाजूला काढल्या आणि त्यांची मजुरी दिली नाही, तर दर कागदावर तोच राहतो, पण हातात पडणारी रक्कम घटते. आशियाई स्पर्धांच्या जमादाराचा एक रुपया येथे पानांच्या आणि नाकारलेल्या विड्यांच्या रूपाने कापला जातो. ज्या कामासाठी नगाचा दर ठरलेला नसून वेळेचा ठरलेला आहे, तेथे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही, हे संहितेच्या कलम १२ ने सांगितले आहे.

वेतन केव्हा द्यावे, याच्या मुदतीही निश्चित आहेत. रोजंदारीवरील कामगाराला पाळी संपताच, आठवड्याच्या वेतनावरील कामगाराला साप्ताहिक सुट्टीपूर्वी, पंधरवड्याच्या वेतनावरील कामगाराला पंधरवडा संपल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाच्या आत आणि मासिक वेतनावरील कामगाराला पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. काढून टाकलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कामगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करावयाचा असतो. कपाती कायद्यात नमूद केलेल्या कारणांसाठीच करता येतात आणि त्यांची बेरीज वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. दंड तर एका वेतन कालावधीत तीन टक्क्यांपलीकडे लावता येत नाही, आणि तोही कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच. त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावरून कमी वेतन देण्यासही मनाई आहे. कंत्राटदाराने वेतन थकविले तर आस्थापनेचा स्वामी ‘माझा त्याच्याशी करार होता, कामगारांशी नाही’ असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही. कलम ४३ अन्वये ती जबाबदारी त्याच्याकडे येते.

कागद आणि पुरावा

येथपर्यंतची सर्व कर्तव्ये शेवटी एका वहीत उतरतात. मालकाने कर्मचाऱ्यांची नोंदवही ठेवावयाची, हजेरी व वेतनाचा तपशील लिहावयाचा आणि प्रत्येकाला वेतनचिठ्ठी द्यावयाची. वेतनाचे श्रेणीनिहाय दर, वेतन कालावधी, वाटपाचा दिवस व वेळ आणि क्षेत्रातील निरीक्षक तथा सुविधाकाराचे नाव-पत्ता ही माहिती दर्शनी जागी लावावयाची. कारकुनी वाटणारी ही कामे मालक टाळतो, तेव्हा केवळ औपचारिकतेत कसूर होत नाही. कामगाराच्या हाती असलेला एकमेव पुरावाच त्यामुळे जन्माला येत नाही.

संहितेने ही विषमता काही अंशी दूर केली आहे. वेतन दिले नाही किंवा कमी दिले, असा दावा दाखल झाल्यास ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ नुसार मालकावर आहे. दावा कामगार स्वतः, त्याची संघटना किंवा निरीक्षक तथा सुविधाकार दाखल करू शकतो. जुन्या किमान वेतन कायद्यातील सहा महिन्यांऐवजी आता तीन वर्षांची मुदत आहे. प्राधिकाऱ्याने शक्यतो तीन महिन्यांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश तो देऊ शकतो आणि ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. कमी वेतनावर राजी असल्याचा लेखी करार मालकाने दाखविला, तरी तो करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो.

शिक्षेचे स्वरूप मात्र बदलले आहे. १९४८ च्या कायद्यात कमी वेतन दिल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. सत्तरहून अधिक वर्षांच्या महागाईने त्या ५०० रुपयांचे काय झाले असेल, हे सांगण्याची गरज नाही. संहितेनुसार पहिल्या गुन्ह्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदी न ठेवल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. केवळ दंडास पात्र असलेले गुन्हे कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून आपसात मिटविता येतात. पहिल्या चुकीला तुरुंगाची भीती न दाखविता आर्थिक भुर्दंड वाढविणे आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ करून सल्ल्याची भूमिका देणे, हे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारलेले दिसते. ज्या मालकाला नियम ठाऊक नाही त्याला त्याचा लाभ होईल. ज्याला नियम ठाऊक आहे आणि तरीही तो मोडावयाचा आहे, त्याच्या हिशेबात मात्र पहिला गुन्हा हा एक मर्यादित खर्च बनू शकतो. म्हणून दंडापेक्षा दहापट भरपाईची तरतूद अधिक परिणामकारक आहे. तिचा आकडा थकबाकीबरोबर आणि कामगारांच्या संख्येबरोबर वाढत जातो.

ही यंत्रणा चालू होण्यासाठी एक अट मात्र कायम आहे. आपण या मालकाकडे कामाला होतो, एवढे तरी कामगाराला दाखविता आले पाहिजे. नियुक्तिपत्र सक्तीचे करणारी तरतूद वेतन संहितेत नसून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आहे, आणि ती संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. सहा कारागिरांच्या वर्कशॉपला किमान वेतनाचा नियम पूर्णपणे लागू आहे, पण तेथील कारागिराला नियुक्तिपत्र मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी वेतनचिठ्ठी आणि बँक खात्यात जमा झालेली रक्कम हेच नात्याचे पुरावे उरतात. वेतन रोखीत न देता खात्यात जमा करण्याचा आग्रह अनेक राज्ये धरतात तो याच कारणासाठी. अर्थात खात्यात पूर्ण रक्कम जमा करून ‘परतावा’ म्हणून काही भाग कामगाराकडून रोख मागून घेणारे कंत्राटदारही आहेत. अशा वेळी बँकेचा उतारा कामगाराच्या नव्हे, तर मालकाच्या बाजूने बोलतो.

सर्वांत सूक्ष्म स्थिती आहे ती घरकामगार आणि शेतमजुरांची. अनुसूची गेल्यामुळे त्यांच्याही कामाला किमान वेतनाचे तत्त्व लागू होते. परंतु शेती किंवा घरकामासाठी पाचपेक्षा जास्त माणसे न ठेवणाऱ्या मालकाला नोंदवही, फलक व वेतनचिठ्ठी यांतून सूट आहे. निरीक्षक तथा सुविधाकाराने मागणी केल्यास वेतन दिल्याचा वाजवी पुरावा मात्र त्याने सादर केला पाहिजे. हा पुरावा कोणत्या स्वरूपाचा असावा, हे संहितेने सांगितलेले नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर खाड्यांच्या खुणा करून महिनाअखेर हिशेब करण्याची रीत लाखो घरांत आहे. त्या खुणांसमोर दिलेली रक्कम लिहून दोघांनी सही केली, तर तीही या कलमाखाली पुढे ठेवता येईल.